तेवीस उत्तरांनंतरचे घड्याळ

मदत वेळेवर पोहोचणे ही गोष्ट दोन बाबींवर अवलंबून असते: मदत केव्हा पोहोचली आणि वेळ मोजायला केव्हा सुरुवात झाली. पहिली बाब रस्ते, वळणे, गाड्यांची चाके आणि माणसांची हृदये यांच्या अधीन असल्यामुळे कोणाच्याच हातात नसते. दुसरी बाब मात्र पूर्णपणे कार्यालयाच्या हातात असते. शहाणी संस्था आपल्या हातात जे आहे त्यातच सुधारणा करते.

हे सत्य अग्निशमन केंद्राच्या नियंत्रण कक्षात प्रथम ज्यांना उमगले, त्या मोठ्या ताई. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका या दोन्हींचे दूरध्वनी याच कक्षात येत. ताईंनी पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती आणि बावीस वर्षे कानाला यंत्र लावून काढली होती. पूर्वी त्या फोन उचलून "काय झालं? कुठे?" एवढेच विचारत आणि अकरा सेकंदांत गाडीला वायरलेसवरून निरोप देत. (या पद्धतीला कोणतेही नाव नव्हते, त्यामुळे ती फार काळ टिकणे शक्यच नव्हते.) गाडी सरासरी नऊ मिनिटांत पोहोचत असे. शेजारच्या शहराची सरासरी आठ मिनिटे असल्याचे कळल्यावर वरिष्ठांना लाज वाटली आणि समिती नेमली गेली.

समितीतील इतर सभासदांनी नव्या गाड्या, नवे चालक, रुंद रस्ते अशा भावनिक सूचना केल्या. ताईंनी शांतपणे दाखवून दिले की नऊ मिनिटांना दोन टोके आहेत. घटना म्हणजे माहिती. माहिती अपुरी असेल तर घटनाही अपुरीच. आणि अपुऱ्या घटनेचा वेळ मोजणे अशास्त्रीय आहे. सबब तेवीस प्रश्नांचे कार्ड छापावे आणि तेविसाव्या उत्तरानंतर घड्याळ सुरू करावे. दुसरे टोक त्याहून सोपे निघाले. मोजायचा आहे तो प्रतिसाद. प्रतिसाद म्हणजे उत्तर, आणि उत्तर तोंडाने दिले जाते. म्हणून चालकाने निरोपाचा पुनरुच्चार करून वायरलेसवर "निघालो" म्हटले की घड्याळ थांबवावे.

सरासरी नऊ मिनिटांवरून एकोणीस सेकंदांवर आली. शेजारच्या शहरातून अभ्यासासाठी शिष्टमंडळ आले. ते वाटेत रस्ता चुकल्याने दोन तास उशिरा पोहोचले, पण प्रभावित होऊन परतले.

कार्ड खरोखरच सर्वांगपरिपूर्ण होते. रुग्ण शुद्धीवर आहे का. असल्यास त्याची संमती आहे का. नसल्यास कधीपासून, आणि कोणाच्या घड्याळाप्रमाणे. जिन्याच्या पायऱ्या किती. फोन करणारा शेजारी असल्यास शेजार किती वर्षांचा. असा प्रसंग रुग्णावर यापूर्वी आला होता काय. तेविसावा प्रश्न होता: वरील माहिती खरी आहे काय? पत्ता बाविसाव्या क्रमांकावर असावा, म्हणजे गाडी अर्धवट माहितीवर धावत सुटण्याचा धोका राहणार नाही, असा ताईंचा आग्रह होता. पण छापखान्यातल्या जुळाऱ्याने ओळी हलवल्या आणि पत्ता दुसऱ्या क्रमांकावर गेला. पुढच्या छपाईत दुरुस्ती करायचे ठरले.

मध्येच फोन तुटल्यास काय करायचे, याचाही विचार झाला होता. असा फोन 'अपूर्ण' या खणात जाई आणि कोणत्याही हिशेबात धरला जात नसे. ताईंचे यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते व त्यांना सगळे मोजणीदार म्हणत. त्यांनी एकदा जेवताना विचारले होते, "आणि समजा, चौदाव्या प्रश्नाला पेशंट गेलाच तर?"

"मग कार्ड बदलायचं," ताई म्हणाल्या. "मृताचं कार्ड वेगळं आहे. त्यात चारच प्रश्न आहेत."

"म्हणजे मेल्यावर लवकर येता."

ताईंनी भाजी वाढली. ज्यांना विज्ञान कळत नाही त्यांच्याशी त्या जेवताना वाद घालत नसत.

मंगळवार हा ताईंच्या सुट्टीचा दिवस. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मोजणीदार पडद्यासाठी खिडकी मोजत होते. "एक मीटर बावीस," ते म्हणाले, "अगं, जरा..." आणि हातातल्या टेपसकट खाली बसले, मग आडवे झाले. ताईंनी नाडी पाहिली. नाडी नव्हती. श्वासही नव्हता. त्यांनी फोन जमिनीवर ठेवून त्याचा आवाज मोठा केला, क्रमांक लावला आणि दोन्ही तळहातांनी नवऱ्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली.

"नियंत्रण कक्ष. आपला दूरध्वनी क्रमांक सांगा."

पलीकडे जो होता त्याला कक्षात पाठांतर म्हणत, कारण तेवीसही प्रश्न तो कार्ड न बघता म्हणू शकत असे. त्याला ताईंनीच तयार केले होते.

"अरे, मी बोलतेय. ह्यांचा श्वास थांबलाय. गाडी पाठव."

"ताई, आवाज ओळखला हो. पण नंबर सांगा. ओळखीवर नोंद करायची नाही, तुम्हीच बजावलंय."

ताईंना कार्डाची रचना ठाऊक असल्याने त्यांनी वेळ वाचवण्याचा एकमेव मार्ग स्वीकारला. छाती दाबता दाबता त्यांनी क्रमांक, पत्ता, मजला, पायऱ्या, वय, नाते अशी तेवीसही उत्तरे ओळीने म्हणून टाकली. माहिती खरी असल्याचेही सांगितले.

"असं एकदम नको, ताई," पाठांतर म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण शब्द चुकत नव्हते. "प्रश्नाआधी आलेलं उत्तर धरता येत नाही. नियम सात, पोटनियम दोन. आता पत्ता सांगा."

तशाही स्थितीत ताईंच्या मनात येऊन गेले की मुलगा चांगले काम करतो आहे. मग, बावीस वर्षांत प्रथमच, हा थोडे वाईट काम करील तर बरे, असेही वाटले. त्यांनी पत्ता पुन्हा सांगितला.

येथे एक तांत्रिक बाब नमूद करणे आवश्यक आहे. कक्षातील वायरलेस संच पायाखालच्या पेडलने चालतो. पेडल दाबले की कक्षातला आवाज सगळ्या गाड्यांत ऐकू जातो, आणि पाय उचलेपर्यंत दुसऱ्या कोणाला त्या वाहिनीवर बोलता येत नाही. पाठांतराचे तोंड नियमाने वागत होते. पाय मात्र घाबरला होता. आपल्या गुरूला प्रश्न विचारताना तो पाय जो पेडलवर रुतला, तो तसाच राहिला. परिणामी प्रश्न आणि फोनच्या कर्ण्यातून येणारी ताईंची धापा टाकत दिलेली उत्तरे, दोन्ही सहाही गाड्यांत स्पष्ट ऐकू जाऊ लागली.

चार नंबरची रुग्णवाहिका तेव्हा पेट्रोल भरून परतत होती. तिच्या चालकालाही सगळे चार नंबर असेच म्हणत. हा मनुष्य खात्यात फारसा नावाजलेला नव्हता. त्याला गाडी हलल्यानंतरच "निघालो" म्हणायची सवय होती, आणि त्यामुळे त्याची सरासरी कायम खराब असे. त्याने पत्ता ऐकला. निघण्याची परवानगी मागण्याची सोय नव्हती, कारण वाहिनीवर पाठांतराचा पाय होता. त्याने गाडी वळवली.

"प्रश्न चौदा. असा प्रसंग रुग्णावर यापूर्वी आला होता काय?"

"नाही रे बाबा. पहिल्यांदाच मरतायत."

"म्हणजे 'नाही'. प्रश्न पंधरा. घरात पाळीव प्राणी आहे काय?"

सोळा, सतरा, अठरा. ताईंचे खांदे भरून आले होते, मनगटे सुटत चालली होती, आणि नवऱ्याच्या ओठांवर निळसर झाक दिसू लागली होती. एकोणिसाव्या प्रश्नाला जिन्यात बुटांचा आवाज झाला.

"प्रश्न एकोणीस. घटनास्थळी आणखी कोणी उपस्थित आहे काय?"

"आहे. चार नंबर आलाय."

पलीकडे नोंदवहीचे पान उलटल्याचा आवाज आला. मग पाठांतर अत्यंत नम्रपणे म्हणाला, "ताई, चार नंबर अजून पाठवलेला नाही."

"मग परत पाठवू?"

चालकाच्या सोबतच्या परिचारकाने शॉक देण्याचे यंत्र उघडले होते. चालकाने ताईंना बाजूला सारून त्यांची जागा घेतली आणि जमिनीवरच्या फोनकडे तोंड करून तो म्हणाला, "पेडलवरचा पाय काढ रे. मला हॉस्पिटलला सांगायचंय." आणि कोपराने फोन बंद केला.

पहिल्या शॉकने काही झाले नाही. दुसऱ्याने मोजणीदारांचे हृदय पुन्हा कामावर रुजू झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उशीवरून विचारले, "किती वेळात आले गं?"

"सहा मिनिटं."

"आणि तुमच्या घड्याळाप्रमाणे?"

"घड्याळ सुरूच झालं नाही," ताई म्हणाल्या. मोजणीदारांना हसायची मनाई होती. त्यांनी ती दोन मिनिटे पाळली.

खात्याने याची गंभीर दखल घेतली. चार नंबरवर तीन आरोप ठेवण्यात आले: आदेशाविना वाहन हलवणे, निरोपाचा पुनरुच्चार न करणे, आणि स्वतःसाठी नसलेली माहिती ऐकणे. (चौथा आरोप, रुग्ण वाचवण्याचा, मसुद्यातून वगळला गेला, कारण त्यासाठी नियम सापडला नाही.) प्रस्तावित शिक्षा बडतर्फीची होती. चौकशी समितीपुढे साक्षीला ताईंना बोलावले.

ताई आदल्या संध्याकाळी चालकाच्या घरी गेल्या होत्या. त्याची बायको चहा ठेवून आत गेली. "मला नियम माहीत होता, ताई," तो म्हणाला, "पण पत्ताही माहीत होता ना." ताई घरी आल्या आणि स्वतः लिहिलेली नियमावली त्यांनी प्रथमच आरोपीच्या बाजूने वाचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला विचारले की फोन तेविसाव्या उत्तरापर्यंत गेला होता काय. नव्हता, एकोणिसाव्याला तुटला. म्हणजे तो अपूर्ण. अपूर्ण फोन हिशेबात नसतो. जो हिशेबात नाही तो आलेला नाही. जो फोन आला नाही, त्याच्यावरून गाडी कुठे जाईल? जी गाडी कुठे गेलीच नाही, तिच्या चालकाला कशाबद्दल काढायचे?

समितीचे अध्यक्ष असलेल्या साहेबांनी नियमावलीची पाने पुढेमागे केली. "म्हणजे तुमच्या मिस्टरांना..."

"काही झालं नाही, साहेब. नोंदीप्रमाणे."

"पण ते दवाखान्यात आहेत ना?"

"आहेत. तिथले डॉक्टरही कारण शोधतायत."

समितीने सुटकेचा निःश्वास टाकला. चार नंबर निर्दोष सुटला, आणि एकोणीस सेकंदांच्या सरासरीला धक्का लागला नाही.

निकाल कक्षात कोणीही मोठ्याने वाचून दाखवला नाही, पण सगळ्यांच्या पायांना तो कळला. ताई कामावर परतल्या त्या दिवसापासून कक्षातल्या चारही टेबलांखाली, ज्याचा फोन त्याचा पाय पेडलवर असे आणि वर तोंड प्रश्न विचारी. पत्ता दुसऱ्याच प्रश्नाला येई. जवळची गाडी चुपचाप निघे. तेराव्या-चौदाव्या प्रश्नाला फोन करणारा "आले, आले" म्हणून फोन टाकून देई. पाठांतर प्रत्येक वेळी 'अपूर्ण' या खणात सुवाच्य अक्षरात नोंद करी. माणसे वाचू लागली. ताईंना रात्री झोप चांगली लागू लागली.

पहिल्या महिन्यात पूर्ण झालेले फोन ४१२ वरून ६३ वर आले, दुसऱ्यात ९ वर. (हे नऊ जण फारच सविस्तर बोलणारे होते.) संख्याशास्त्र विभागाने यावरून निष्कर्ष काढला की शहरातील आगी, अपघात आणि हृदयविकार मिळून अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी घटले आहेत. बातमी पहिल्या पानावर आली. साहेबांचा सत्कार झाला. महिन्याला नऊ घटनांसाठी सहा गाड्या ही उधळपट्टी असल्याचे उघड होते, म्हणून चार गाड्या मोडीत काढण्याचा प्रस्ताव तयार झाला आणि नागरिकांच्या हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत देण्यात आली.

यादीत चार नंबर पहिला होता. चालक ताईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मला वाचवलंत, ताई," तो म्हणाला. "आता गाडीला वाचवा."

ताई कर्मचारी असल्याने त्यांना हरकत घेण्याचा अधिकार नव्हता. त्यांनी मोजणीदारांना लिहायला बसवले. मोजणीदारांनी, डॉक्टरांनी लिहायला परवानगी दिल्याच्या पहिल्याच दिवशी, नकाशासह दोन पानी हरकत लिहिली: या गाडीमुळे मी जिवंत आहे. ती फेटाळण्यात आली. हरकतीत उल्लेखिलेली घटना नोंदीत आढळत नाही, असे उत्तर आले. निर्णयाचा आधार म्हणून ताईंची साक्ष जोडली होती.

ताईंनी तो कागद दोनदा वाचला. तर्कात चूक सापडली नाही. मुदत संपायला अजून सव्वीस दिवस होते, आणि एका हरकतीतली घटना नोंदीत नसली तरी लाखभर नागरिक उरतातच, अशी आशा त्यांनी बाळगली. रोज संध्याकाळी त्या आवक विभागात डोकावत. तिथला कारकून मान हलवी. शहरात शुकशुकाट नव्हता. बातमी घरोघर वाचली गेली होती, लोकांनी अठ्ठ्याण्णव टक्के हा आकडा एकमेकांना कौतुकाने सांगितला होता, आणि आपले शहर इतके सुरक्षित झाले याबद्दल समाधान व्यक्त करून पान उलटले होते. तिसाव्या दिवशी आवक विभागाची खिडकी बंद झाली. दुसरी हरकत आली नव्हती. गाड्या आता दोन आहेत.

नवे कार्ड छापून आले आहे. जुळाऱ्याची चूक दुरुस्त झाल्यामुळे पत्ता आता बाविसाव्या क्रमांकावर आहे. शिवाय साहेबांच्या सूचनेवरून एक प्रश्न वाढवला आहे: गाड्या कमी करण्यास आपण मुदतीत हरकत घेतली होती काय? उत्तर काहीही असले तरी सेवेत फरक केला जाणार नाही. प्रश्न केवळ नोंदीसाठी आहे. मात्र तो चोविसावा आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत घड्याळ सुरू होणार नाही. तेव्हा त्या तीस दिवसांत आपण काय करत होतो, हे वाचकांनी आत्ताच, श्वास चालू असताना, आठवून ठेवावे.