तात्यांची निळी पट्टी

हवालदार तात्यांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला ते नमस्कार करत नसत. "जीभ काढा," म्हणत. आयुष्य पलटणीत गेलेलं, त्यामुळे आवाज असा की समोरचा मुकाट्याने जीभ काढी. तात्या तिच्यावर निळ्या कागदाची बारीक पट्टी टेकवत, ती उजेडात धरून बघत आणि निकाल देत. पट्टी निळी राहिली तर माणूस सरळ. लाल झाली तर, "आंबलाय गडी. खोटं बोलतोय."

साताऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्यांना पट्ट्या मीच पुरवत असे, कारण मी शाळेत शास्त्र शिकवत होतो. आम्लात निळा लिटमस लाल होतो एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. खोटारड्याची जीभ आंबते हा शोध तात्यांचा स्वतःचा. आमचा गवळी तर त्यांच्याकडे दूध घालण्याआधी चूळ भरायला लागला होता. मला मात्र त्यांनी कधी जीभ काढायला लावली नाही. "मास्तरांची कशाला बघायची? शिकल्यालं मानूस हाय त्ये."

पट्ट्यांचं खरं काम होतं ते ओसरीवरच्या बरणीसाठी. किराणा दुकानात गोळ्या ठेवतात तसली भली मोठी काचेची बरणी, तिच्यात समुद्राचं पाणी, मधे एक दगड आणि दगडावर डोळे वटारून बसलेला एक निवटा. हा खाडीच्या चिखलातला मासा. चिपळूणहून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने तो आणि पाणी दोन्ही आणून दिलं होतं. निवट्याला तात्या 'सुभेदार' म्हणत आणि सकाळी त्याच्यासमोर टाचा जुळवत.

रोज सकाळी लाल लिटमसची पट्टी पाण्यात बुडायची. ती चटकन निळी झाली की तात्यांचा दिवस चांगला. रेंगाळली की ते भिंतीवर थाप मारत. "मास्तर, पानी आंबाय लागलंय." मग मी सांगायचो, उरलेलं गांडूळ काढा, तांब्याभर पाणी बदला. कुटलेले शिंपले तळाशी टाका, त्यानं पाणी लवकर आंबत नाही, हेही मीच सांगितलं होतं. तात्या शिंपले इतके बारीक कुटत की आळीला वाटे, यांच्याकडे लग्न निघालंय.

शिक्षकांच्या खोलीत मी त्यांची नक्कल करत असे. ती सुभेदाराची सलामी, तो निकाल. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लाज वाटावी असं खरं कारण पुढेच आहे.

परीक्षेचे दिवस होते. मी सदऱ्याची बटणं लावत घाईने निघालो, तर दारात तात्या. हातात पट्टी, लाल ती लालच. निळ्या पट्टीनंही तांबूस झाक धरलेली.

"पार आंबलं वो. काय करू?"

"क्षार कमी झालाय," मी चपला शोधत म्हणालो. "थोडा क्षार घाला."

"खार व्हय?"

तात्या क्षाराला खारच म्हणणार, असं मनात म्हणून मी गालात हसलो. "हो, हो. तोच."

क्षार म्हणजे आमच्या तेव्हाच्या पुस्तकात आम्लाच्या उलट ते, आज ज्याला अल्क म्हणतात. मला खाण्याचा सोडा अभिप्रेत होता, चिमूटभर. तात्यांच्या गावी, आष्ट्याकडे, खार म्हणजे मीठ.

संध्याकाळी मी परतलो तेव्हा ते बरणीशी उकिडवे बसले होते. सुभेदार पाण्यावर उताणा पडला होता. शेजारी जाड्या मिठाची पिशवी, अर्धी रिकामी. पाहिल्याबरोबर मला सगळं कळलं.

"तुमी सांगितलं तसा खार घातला," तात्या म्हणाले. "मूठ मूठ करून. तरी बी पट्टी निळी हुईना, म्हनून आनखी घातला. माझा हात जड पडला असंल का वो?"

एक वाक्य बोलायचं होतं. 'तात्या, चूक माझी.' एवढंच. मी म्हणालो, "असेल." वर म्हणालो, "दुसरा मासा मागवू, त्यात काय."

"माशाचं न्हाई वो," तात्या म्हणाले. "पान्याचं हाय."

मग ते सांगू लागले. त्यांचा शंकर लढाईत गेला हे मला ठाऊक होतं. साताऱ्यात अशी घरं पुष्कळ. कुठे गेला, कसा गेला, हे शेजारी राहून मी कधी विचारलं नव्हतं. तो आरमारात होता. बोट बुडाली. सरकारी कागदावर 'समुद्रात बेपत्ता' एवढंच.

"आगीन न्हाई, माती न्हाई. त्या पान्यातच ऱ्हायला पोरगा. म्या तर कवा समुद्र बगितला न्हाई. ड्रायव्हर म्हनला, तात्या, सगळ्या समुद्राचं पानी एकच असतंय. मग म्हटलं, बरनीभर तरी आपल्या हाताखाली चांगलं ऱ्हाऊ दे. त्यात एक जीव जगला तर बरं वाटंल. तर म्याच मारला."

मी तिथे उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. तात्यांच्या खिशात निळ्या पट्ट्या होत्या आणि मला वाटलं, आता हे म्हणणार, जीभ काढा. ते म्हणाले नाहीत. "तुमी दमला असाल, जावा घरी," म्हणाले.

पुढे मासा आला नाही. बरणी तशीच राहिली, आणि रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्यात पट्टी बुडत राहिली. मी न चुकता पट्ट्या देत राहिलो. आळीत माझ्या चांगुलपणाचं कौतुक झालं.

तात्या गेल्यावर एकदा प्रयोगशाळेत कुणी नसताना मी निळी पट्टी काढली आणि जिभेवर ठेवली. उजेडात धरली. ती निळीच राहिली. मी दुसरी ठेवली.