सीनेचे दोन पावसाळे

आमचे विरप्पा आमटीत बोट बुडवायचे. चाखायला नव्हे, मोजायला! पंगत लग्नाची असो की बारशाची, वाढप्यानं द्रोणात आमटी ओतली की आप्पांचं बोट आत. "दीड पेर!" असं जाहीर करायचे आणि मग शेजाऱ्याच्या द्रोणाकडं वळायचे. शेजारी बहुतेक मीच असे, म्हणून आमटी आली की डाव्या हातानं द्रोण झाकायची मला सवय लागली. ती अजून गेलेली नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी परांड्याकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. गावाला लागून सीना नदी. तिच्या अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी. विरप्पा माझ्या शेजारच्या घरात एकटेच राहायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. किराण्याचं दुकान होतं, पण सकाळी गिऱ्हाईक ताटकळत ठेवून हा माणूस नदीवर जायचा. खुणा पाडलेली बांबूची काठी ठरलेल्या खडकापाशी बुडवायची, ओली खूण बघायची आणि घरी येऊन वहीत लिहायची. वीस वर्षं एक दिवस चुकला नाही. एकदा तापानं फणफणले होते, लोकांनी बाजेवर घालून वैद्याकडं न्यायला उचललं, तर म्हणतात कसे, "नदीवरनं न्या!"

"अंदाज न्हाय, पैमाईश!" म्हणजे मोजमाप, हे त्यांचं पालुपद. कुणी नुसतं "आप्पा, बरं हाय का?" विचारलं तरी, "नाडी मोजली का माझी? मग कसं सांगू?"

गंमत अशी, की पलीकडच्या काठावर अस्साच दुसरा नमुना होता. तात्या. त्यांच्याकडं फूट-इंचांची काठी. रोज सकाळी नदीच्या दोन्ही अंगांनी आरोळ्या सुरू.

"ए इंग्रजी, किती रं?"

"साडेतीन फूट!"

"खोटारड्या! दोन हात आठ बोटं हाय!"

"मोगलाईत समद्यांचीच बोटं वाकडी!"

मी एकदा पाटीवर गणित मांडून पाहिलं. दोन हात आठ बोटं म्हणजे बरोब्बर साडेतीन फूट. पण हे मी दोघांनाही सांगितलं नाही. गावात दुसरी करमणूक होती कुठं?

पुढं बंधाऱ्याची गोष्ट निघाली. आम्हालाही हवा, पलीकडच्यांनाही हवा. नदी सामाईक, म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून एक साहेब नेमला. सीनेत वर्षानुवर्षं पुरेल एवढं पाणी आहे का ते त्यानं ठरवायचं. पाण्याची नोंद ठेवणारे सगळ्या मुलखात हे दोनच वेडे, तेव्हा साहेब दोघांच्या वह्या घेऊन गेला. आप्पा आठ दिवस नवरदेवासारखे मिरवत होते.

काही महिन्यांनी निकाल आला. सीना बारमाही! दोन्ही काठांना एकेक बंधारा मंजूर!

काय सांगू तो धिंगाणा! हलगी कडाडली, पेढे वाटले. पाटलांनी ऊस लावायच्या आधीच गुऱ्हाळाची कढई सांगितली. कुठल्याच सरकारचा मान जायला नको, म्हणून सभेचा मांडव नदीच्या वाळूत घातला. साहेब समोर खुर्चीत, त्याचा कागद वाचायचा मान माझा. तोंडात पेढा ठेवूनच मी वाचायला लागलो, "सीनेस ऑगस्टात एक पूर व नोव्हेंबरात दुसरा..."

"थांबा," आप्पा उठले. "दिवाळी झाल्यावर पूर? हे पाणी कुठनं आलं?"

मी कागद नीट पाहिला आणि पेढा घशातच अडकला. मोगलाईचं साल वेगळं, त्याला फसली म्हणत. त्याचा पहिला महिना आजूर, तो दसरा-दिवाळीच्या सुमाराला लागतो. साहेबानं पहिला महिना म्हणजे जानेवारी धरून आप्पांची सगळी वही ओळीनं लावली होती. त्यामुळं आमचा श्रावणातला पूर गेला नोव्हेंबरात. तात्यांचा पूर मात्र जागच्या जागी. वर साहेबानं दोन्ही वह्यांची बेरीज मारलेली! एकाच नदीला दोन पावसाळे!

मी हे आप्पांच्या कानात सांगितलं आणि त्यांचं धोतर ओढलं. "आप्पा, खाली बसा. पेढा खा."

"सोडा मास्तर! आवो, आमच्या दोघांच्या काठ्या एकाच पाण्यात बुडत्यात. बेरीज कशाची करता? वर दोन बंधारे घाला, मग उन्हाळ्यात खालच्या गावांनी काय वाळू प्यायची?"

साहेब लालबुंद. एवढ्यात पलीकडून तात्या उठले. आता आप्पांची खोड मोडणार असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "मोगलाई खरं बोलतंय." वीस वर्षांत पहिल्यांदाच!

दोन्ही बंधारे रद्द झाले. पेढे तेवढे परत घेता आले नाहीत.

गावानं आप्पांकडं पाठ फिरवली. दुकानात मीठ घ्यायलाही कुणी जाईना. पंगतीला बोलावणं येईना. खरं सांगतो, मलाही राग आला होता. चार दिवस मी बोललो नाही. पाचव्या दिवशी तणतणत गेलो आणि म्हणालो, "झालं समाधान? तुमची पैमाईश खरी ठरली, गावाचा बंधारा गेला!"

मला वाटलं, आता पालुपद ऐकवतील. आप्पा दुकानात एकटेच बसले होते.

"मास्तर, खाली बारा कोसांवर माझी धाकटी भन दिलेली हाय. काशी. आईमागं म्याच वाढवली तिला. तिच्या लग्नात मानपानावरनं माझ्या तोंडातनं वाकडं गेलं. तवापासनं पंचमीला न्हाय, दिवाळीला न्हाय. तीन डाव गेलो, तिनं दार उघडलं न्हाय."

माझा राग कुठल्या कुठं गेला. आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"तिचं गाव बी हितनं खाली गेलेलं सीनेचंच पाणी पितंय, मास्तर. माझ्या हातचं तेवढंच घेती ती. ते कसं आडवू?"