टॉवेलवाले साळवे सर

आमच्या कॉलेजातले साळवे सर वर्गावर जाताना खडू विसरतील, हजेरीपट विसरतील, एकदा तर बूट विसरून नुसत्या मोज्यांवर निघाले होते. पण डाव्या हातावरचा टॉवेल कधी विसरायचे नाहीत. टॉवेल साधाच, पांढरा, लाल काठाचा. नवा माणूस त्यांना लांबून बघायचा तेव्हा त्याला वाटायचं, कॅन्टीनचा माणूस वर्गात चहाची ऑर्डर घ्यायला चाललाय. प्रत्यक्षात ते संख्याशास्त्र शिकवायला चाललेले असायचे.

आमचं कॉलेज घोडेगावपासून थोडं आत आहे. मी तिथली ग्रंथपाल. नगरहून रोज एसटीनं येते. माझ्या नोकरीचा सगळा भर 'शांतता राखा' या पाटीवर आणि साळवे सरांच्या नोकरीचा सगळा भर ती पाटी मोडण्यावर, त्यामुळे आमची ओळख भांडणातून झाली. एके दिवशी चाळीसेक मुलं माझ्या वाचनालयात घुसली आणि कपाटांसमोर उंचीप्रमाणे ओळीनं उभी राहायला लागली. मी ओरडले तर सर म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं. मध्यक शोधतोय. वर्गात जागा न्हाई, इथं लांबी हाय." मग ओळीच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्या पोराला त्यांनी सगळ्यांसमोर एक पेढा भरवला. दुसऱ्या दिवसापासून मुलं बुटात कागद घालून, पाय वाकवून मधला नंबर लावायला बघू लागली.

सर मूळचे काष्टीचे. बोलणं चांगलं पुस्तकी, पण रंगात आले की गाव वर यायचं. नमुना निवड शिकवायची म्हणून त्यांनी एकदा कॅन्टीनमध्ये पातेलंभर भात लावायला सांगितला. शितावरून भाताची परीक्षा! वरची शितं चेपून मुलांनी एकमुखानं निकाल दिला, भात शिजला. मग सरांनी सगळ्यांना जेवायला बसवलं. खालचा भात कच्चा निघाला. "न ढवळता नमुना घेतला की असं हुतंय," सर म्हणाले. तीन मुलांचं पोट दुखलं, पण तो प्रश्न परीक्षेत आला तेव्हा एकाचंही उत्तर चुकलं नाही.

माझी एसटीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटली नाही. दोन महिने त्यांनी तिची वेळ वहीत टिपली आणि मला बोलावून सांगितलं, "अभिनंदन मॅडम, तुमची गाडी सरासरीनं अगदी वेळेवर हाय. एक दिवस वीस मिनिटं आधी, एक दिवस वीस मिनिटं उशिरा. आता हिच्यावरून प्रमाण विचलन काढू." ते काढलं. मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. गणिताशी माझं आठवीपासून वाकडं आहे.

आता टॉवेलाचं सांगते. घोडेगावचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल. तिथं बैलाचा भाव तोंडानं ठरत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोली करतात. भोवती पन्नास माणसं असोत, आत काय चाललंय ते तिसऱ्याला कळत नाही. सर एकदा हे बघत दोन तास उन्हात उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन वर्गात आले.

त्यांचं म्हणणं असं, की 'समजलं का?' विचारल्यावर आपली मुलं हमखास 'हो' म्हणतात. 'नाही' म्हटलं तर शेजारचा हसतो. म्हणून तोंडानं विचारायचंच नाही. धडा संपला की सर टॉवेल घेऊन बाकांमधून फिरणार. प्रत्येकानं टॉवेलाखाली त्यांचा हात दाबायचा. एक बोट म्हणजे समजलं, दोन म्हणजे अर्धंमुर्धं, तीन म्हणजे डोक्यावरून गेलं. "तोंडाला सुट्टी, बोटाला ड्युटी!" हे त्यांचं घोषवाक्य. वर्गात शिरताना ते हे म्हणायचे आणि मुलं मागून टेबल वाजवायची.

अडचण मुलींची आली. सरांनाच ती आधी सुचली. ते माझ्याकडे आले, टॉवेलाची घडी करत उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पोरींच्या बाकांवर दुसरा टॉवेल लागंल. आन तो तुमच्या हातावर लागंल." मी तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी मला नवा कोरा टॉवेल आणून दिला, त्यावर माझं नावसुद्धा घातलेलं होतं. अशा रीतीनं ग्रंथालयशास्त्रातली पदवीधर बाई आठवड्यातून तीनदा प्रथम वर्षाच्या वर्गात बैलबाजार करू लागली.

हे सगळं प्राचार्यांना अर्थातच पसंत नव्हतं. त्यांनी मोठ्या हौसेनं स्मार्ट बोर्ड बसवला होता आणि साळवे सर तो फक्त पुसत. त्यातून आदल्या वर्षीचा संख्याशास्त्राचा निकाल पडला होता. जूनमध्येच प्राचार्यांनी सरांना सांगून टाकलं, "सहामाही परीक्षेत अर्धा वर्ग पास झाला नाही, तर प्रथम वर्ष तुमच्याकडून काढणार. तुम्ही परीक्षा विभागात बसा. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजा, शांतपणे निवृत्त व्हा."

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले आणि डबा न उघडताच म्हणाले, "वर्ग गेला तर कालेजला यायचं कशाला, मॅडम?" मी म्हटलं, पगाराला. त्यांना ते विनोदी वाटलं नाही.

पण टॉवेल पावला असं दिसायला लागलं. सुरुवातीचे पंधरा दिवस दोन-तीन बोटं यायची. मग हळूहळू एकच बोट. ऑगस्ट संपता संपता मुलांच्या बाजूनं एक, मुलींच्या बाजूनं एक, जिकडेतिकडे एकच! सर वर्गातून बाहेर पडायचे ते शीळ घालत. "बघितलंत? अख्ख्या वर्गाला समजलंय. तीस-बत्तीस वर्षांत असं झालं न्हाई." त्यांचा आनंद इतका होता की, मला एक गोष्ट जाणवत होती ती मी बोललेच नाही. एक बोट दाबताना मुलींचे हात घामानं ओले असायचे.

सहामाही झाली. चाळीसपैकी अकरा पास.

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागवला. सर त्या दिवशी वर्गावर गेले, शिकवलं, पण टॉवेल खुंटीवरच राहिला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला राग आला, कुणाचा ते कळेना, म्हणून मी मुलांचा केला. वैष्णवी आणि ओंकार अशा दोघांना मी वाचनालयात बोलावून घेतलं. वैष्णवी देवळाली प्रवराहून यायची, वर्गात सगळ्यात हुशार. ओंकारचे वडील बैलांचे व्यापारी. मी विचारलं, "समजत नव्हतं तर एक बोट का दाबत होता?"

ओंकार म्हणाला, "मॅडम, बाजारात पहिलं बोट कदी खरं असतंय व्हय? पहिलं बोट खोटंच असतं. समोरच्यानं वडून खरं काढायचं असतं. सरांनी कदी वडलंच न्हाई. एक दाबलं की लगी फुडं."

"आणि तू गं?"

वैष्णवी खाली बघत म्हणाली, "एकदा मी तीन दाबली हुती. तुमी सरांना सांगितलं. सरांचा चेहरा असा पडला मॅडम, की मला भाकर गेली न्हाई त्या दिवशी. मग आमी सगळ्यांनी ठरवलं. सरांना वाईट वाटंल असं कुणी दाबायचं न्हाई. घरी जाऊन आपलं आपण करायचं. पण घरी काय ते हुईना."

मी तशीच उठून प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग सोपं आहे. मुलांनी खोटी माहिती दिली, असं साळवेंनी खुलाशात लिहून द्यावं. दोष त्यांच्यावर येत नाही. वर्ग त्यांच्याकडेच राहील."

मी आनंदानं सरांच्या खोलीत गेले. त्यांना मुलांचं सांगितलं, प्राचार्यांचंही सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, "सगळ्यांनी ठरवून?"

"सगळ्यांनी."

त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. मला वाटलं, सुटलो. कागद माझ्या हातात आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं : 'निकाल कमी लागण्याचे कारण : शिक्षकाचा चेहरा. विद्यार्थ्यांची चूक नाही. उपाययोजना : चेहरा झाकणे. कृपया पंधरा दिवसांची मुदत मिळावी व फेरपरीक्षा घ्यावी.'

"अहो सर, हे दिलंत तर वर्ग जाईल!"

"जाऊ द्या. पोरांच्या नावावर खोटेपणा चढवून मी वर्ग ठेवू व्हय?"

मी तो कागद जीव मुठीत धरून प्राचार्यांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तेवीस वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. हसू आवरल्यावर त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "पंधरा दिवस. सोळावा नाही."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात शिरले ते हेल्मेट घालून. काळ्या काचेचं, पूर्ण तोंड झाकणारं. वर्ग आधी हादरला आणि मग बाकांवर लोळला. आतून घुमणारा आवाज आला, "तोंडाला सुट्टी, बोटाला ड्युटी! आता माझा चेहरा कुणाला दिसत न्हाई. खरं दाबा. आन पहिल्या बोटावर मी सोडणार न्हाई, वडणार!"

त्या दिवशी तीन बोटांचा पाऊस पडला. ओंकारनं तर पाचही दाबली. सर मागं हटले नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात हेल्मेटमध्ये घामाघूम होत त्यांनी सगळा भाग पहिल्यापासून शिकवला. कुणी एक दाबलं की ते उलट दोन दाबून विचारायचे, नक्की का? मग समोरचा हळूच दुसरंही बोट दाबायचा. माझ्या बाजूलाही मी ओढायला शिकले. पंधरा दिवसांत मला एवढं कळलं, की मुलींना सगळ्यात जास्त अडतं ते पहिल्याच पायरीवर, आणि ती पायरी त्यांना कधी कुणी विचारलेलीच नसते.

फेरपरीक्षेत चाळीसपैकी एकोणतीस पास झाले. वर्ग सरांकडे राहिला. प्राचार्यांनी वार्षिक अहवालात हेल्मेटचा रंगीत फोटो 'अभिनव अध्यापन उपक्रम' म्हणून छापला. स्मार्ट बोर्ड त्यात अर्धाच आला होता.

दिवाळीनंतर सरांनी हेल्मेट काढलं. आठवडाभरानं ते पुस्तक बदलायला आले तेव्हा मी विचारलं, "आता काय परिस्थिती? खरं दाबतात का?"

"बरीच खरं दाबत्यात," सर म्हणाले. "पाच-सहा जण परत खोटं दाबाया लागलेत. वैष्णवी त्यातलीच, तुमच्या बाजूची."

"मग घाला की हेल्मेट परत!"

"नको. वह्या बघितल्या की मला कळतंय कोण कोण ते. त्यांना मी नंतर गाठतो, दुसरंच काहीतरी निमित्त काढून परत समजावतो. पण बोट तसंच ऱ्हाऊ द्या त्यांचं." ते खुर्चीवर बसले. पुस्तक उघडलं, मिटलं. "आमची ही हुती ना मॅडम, सातवी शिकलेली. लग्न झाल्यापासून मी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा धडा तिला शिकवून बघायचो. ती भाकरी थापत ऐकायची. शेवटी मी विचारायचो, समजलं का? ती म्हणायची, 'समजलं की. सोपं तर हाय.' सत्तावीस वर्षं. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, मला ठाऊक हुतं. पण ते ऐकलं की मी दुसऱ्या दिवशी छाती काढून वर्गावर जायचो."

त्या गेल्याला चार वर्षं झाली होती. सर त्यांच्याबद्दल कॉलेजात कधी बोलले नव्हते आणि आम्हीही कुणी विचारलं नव्हतं. याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"ती गेली, आन माझ्यासाठी खोटं बोलणारं घरात कुणी उरलं न्हाई," सर म्हणाले. "तुमी त्या दिवशी येऊन सांगितलंत, चाळीस पोरं ठरवून खोटं बोलली म्हणून. वर्ग जाणार हुता, तरी मी त्या संध्याकाळी पोटभर जेवलो बघा."

माझे डोळे भरून आले होते आणि वाचनालयात दोन मुलं वर्तमानपत्र वाचत बसली होती. सरांनाही ते अवघड झालं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं विषय बदलला.

"ते जाऊ द्या. तुमी इतके दिवस वर्गात बसलात. प्रमाण विचलन तरी कळलं का तुमाला?"

"कळलं की, सर," मी म्हणाले. "सोपं तर आहे."