आठ बाय पाचचं कार्ड

फसवणूक या विषयावर अख्ख्या मोशीत माझ्याइतकं कुणी वाचलेलं नसेल, असं मला वाटत होतं. एरवी मला स्वतःविषयी असं काही वाटत नाही. भोसरीच्या एका कारखान्यातल्या कामगार वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, आणि तिथेही कुणी पुस्तक मागायला आलं की आधी मीच दचकायचो. पण म्हाताऱ्यांच्या आरोग्य विम्याची माहिती चोरून त्यांच्या नावावर खोटी बिलं कशी लावतात, यावरची सगळी कात्रणं माझ्याकडे होती.

हे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष बबनराव यांच्या कानावर गेलं.

"ज्योतीरामभाऊ, एक भाषण ठोका."

भाषण म्हटल्याबरोबर मी आधी दार कुठे आहे ते पाहिलं. म्हणालो, "त्यापेक्षा पत्रक काढू."

"पत्रक कोन वाचतंय राव? आमच्या गावात फ्लेक्स लागल्याबिगर मानूस जल्मला असं बी कोन मानत न्हाई. फ्लेक्स लावू. मजकूर तुमचा, खर्च माझा."

मजकूर मी आठवडाभर घासला. 'आपलं आरोग्य विम्याचं कार्ड अनोळखी माणसाला दाखवू नका.' त्याखाली नमुन्याचं एक कार्ड हवं होतं. फ्लेक्सवाला गणराज म्हणाला, "काका, टाकतो काहीतरी नंबर. एक-दोन-तीन-चार."

जन्मभर छापील अक्षरावर विश्वास ठेवलेल्या माणसाला हे कसं पटावं? खोटा नमुना छापून लोकांना खरेपणा शिकवायचा? मी घरी गेलो आणि सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, कार्ड घेऊन आलो. माझंही चाललं असतं, पण त्यावरचा माझा फोटो इतका घाबरलेला आहे की लोकांचा धीर सुटला असता.

गणराजच्या कच्च्या नमुन्यात क्रमांकातला एक आकडा चुकला होता. तो मी दुरुस्त करून घेतला. जन्मतारीख पुसट होती, ती ठळक करायला लावली. मुद्रितशोधनात मी कुणाचं ऐकत नाही.

रविवारी फ्लेक्स चौकात चढला. आठ फूट बाय पाच. गणराजकडे वाढदिवसाचाच साचा तयार होता, त्यामुळे कडेने फुगे आले होते आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून संघाच्या सगळ्या सभासदांचे फोटो. मधोमध कार्डावरची सुमन. दुपारी शेजारच्या दुर्गाबाई घरी आल्या.

"सुमनताई, सांगितलं नाही ते. कुठल्या वॉर्डातून उभ्या राहताय?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं.

"तुझा फोटो आहे, नमुन्यासाठी," मी म्हणालो. चौकात जाऊन बघणं तिला शक्यच नव्हतं. तिचे गुडघे पार गेले होते. पुढच्या सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती आणि सगळी भिस्त त्या विम्यावर होती. बिचारी दोन वर्षं त्या दिवसाची वाट बघत होती.

बबनराव मात्र खूश. "भाऊ, लोकं थांबून फोटो काढत्यात. एकानं तर पार जवळ जाऊन काढला. ह्याला म्हनायचं जनजागृती."

मला फार बरं वाटलं. हे सांगताना आज कान तापतात, पण वाटलं खरं.

ठरलेल्या सोमवारी आम्ही रुग्णालयात पोचलो. विम्याच्या खिडकीवर करिष्मा नावाची मुलगी होती. तिने संगणकात पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"काका, पेशंट कुठे आहेत?"

"या काय, व्हीलचेअरवर."

"पण या तर दुसऱ्या हॉस्पिटलात ॲडमिट दाखवतायत. गुरुवारपासून. पित्ताशय काढलंय. विम्याची रक्कम जवळजवळ संपलीय."

सुमन हळूच म्हणाली, "माझं पित्ताशय काढलं, आणि मलाच सांगितलं नाही?"

"मावशी, कार्ड कुणाला दाखवलं होतं का?"

"मी? मी ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवते."

करिष्मा माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही?"

"कुणा एकाला असं नाही."

"म्हणजे?"

"मोशीच्या चौकात लावलंय."

तिची बोटं थांबली. "तो फुग्यांचा बोर्ड? मी रोज बसमधून बघते. मला वाटलं मावशींचा वाढदिवस आहे. तारीखसुद्धा पाठ झालीय माझी."

सुमन ओरडली असती तर सोपं गेलं असतं. परतताना रिक्षात चढायला मी हात पुढे केला, तर तिने रिक्षाची दांडी धरली.

पोलीस चौकीत बबनराव सोबत आले. हवालदाराने विचारलं, "कार्डाची माहिती बाहेर गेली कशी?"

"आमीच लावली व्हती साहेब. पन लोकांनी सावध ऱ्हावं म्हनून."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "फ्लेक्सला परवानगी होती का?"

"चला भाऊ, च्या घेऊ," म्हणत बबनराव उठले. तक्रार मला एकट्यालाच पुरी करावी लागली. फ्लेक्स त्यांनी त्याच दिवशी उतरवून गोठ्यावर टाकला. छापील बाजू खाली, ही अट माझी. आता तो म्हशी वाचतात.

विमा कंपनीने पुरावा मागितला. पित्ताशय आत आहे, हे दाखवा. दुखऱ्या गुडघ्यांनी सुमन उपाशीपोटी सोनोग्राफीच्या टेबलावर चढली. डॉक्टर म्हणाले, "आहे की. छान आहे." बायकोच्या पित्ताशयाविषयी मी इतका कृतज्ञ कधीच नव्हतो.

खोटं बिल रद्द झालं, नवा क्रमांक मिळाला, पण यात महिना गेला. तो महिनाभर सुमन जिना बसून बसून उतरली. मी दोन पायऱ्या खाली उभा असायचो. पडली तर धरायला, असं मी म्हणायचो. खरं म्हणजे तिच्या शेजारी उभं राहायची लाज वाटत होती.

अखेर शस्त्रक्रियेचा दिवस आला. आत नेण्यापूर्वी नर्सने विचारलं, "आजी, पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा."

सुमनने स्ट्रेचरवरूनच माझ्याकडे बोट केलं.

"आधी यांना बाहेर पाठवा."

मी गेलो. दारही मीच ओढून घेतलं.