बावीस कानांची खोली

"खोलीच्या पत्त्यावर पत्र टाकत्येस, तर चारचौघांत बोलत्येस असं समजून लिही," ताजबीने सुनेला बजावलं होतं. "अकरा माणसं हायत तिथे. म्हणजे बावीस कान."

सईदाने मान डोलावली आणि मनात होतं तेच लिहिलं. ती रत्नागिरीच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेली. पत्र ज्याच्या नावाचं त्यानेच फोडायचं, हे तिला इतकं उघड वाटत होतं की त्यावर सासूशी वाद घालायचीही गरज वाटली नाही.

खोली म्हणजे तिच्या सासरच्या, मिरकरवाडा बंदराच्या पुरुषांनी मिळून मुंबईत डोंगरीला घेतलेली खोली. गोदीत, बोटीवर, कुठेही चिकटलेला माणूस आपली ट्रंक तिथे टेकवायचा. तिचे नियम दोनच. पहिला, खोलीला कधी कुलूप लावायचं नाही. कोणी ना कोणी आत पाहिजेच, कारण कुलूप दिसायचा अवकाश, घरमालक ती दुसऱ्याला द्यायला टपलेला. दुसरा, गावाकडचं पत्र कोणाचंही असो, मोठ्याने वाचायचं. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, आणि एकाच्या घरची खबर अकरा जणांना पुरवून खायची तिथली जुनी रीत होती. सईदाचा नवरा मन्सूर गोदीत कारकून होता. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी हा दुसरा नियम त्याने बायकोला सांगितलाच नव्हता. लाजला असावा.

सईदाला तेव्हा सातवा महिना. कॉलेजातल्या एका बाईंनी तिला विलायती डॉक्टरचं जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्यात बाळासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी होती. चौतीस वस्तू.

"चौतीस?" ताजबी म्हणाली. "पोर एकच हाय ना?"

"अम्मा, हे डॉक्टरने लिहिलंय."

"त्या डागदराला किती पोरं?"

ते पुस्तकात नव्हतं.

"चार वस्तू लागतात," ताजबीने बोटं मोजली. "झोळी, दुपटी, खोबरेल, आणि उचलायला माणूस. मन्सूर तेवढ्यावरच वाढला."

"आणि आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर?"

"हा काय," ताजबीने कोपर पुढे केलं. "पडला तरी फुटत नाय."

सईदाने यादी कमी करायचा मनापासून प्रयत्न केला. पण थर्मामीटर खोडला की तिला वाफाळता हंडा दिसायचा. दुधाच्या जादा बाटल्या खोडल्या की एकुलती बाटली जमिनीवर फुटताना ऐकू यायची. जे खोडावं ते पाच मिनिटांनी परत लिहावं, असं करत दुपारपर्यंत यादी पुन्हा चौतिसावर येऊन बसली. बाबागाडीखाली तर तिने दोन रेघा ओढल्या. बाळाला रोज तासभर मोकळी हवा हवी, असं डॉक्टर बजावून सांगत होता. शेवटी तिने लिहिलं, 'यातलं खरंच काय लागतं ते मला कळेनासं झालं आहे. एकाही वस्तूवाचून बाळाचं अडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.' पस्तिसावी गोष्ट तिने लिहिली नाही. मन्सूर आठ दिवस तरी घरी यावा, ही ती गोष्ट. तसं लिहिणं बरं दिसत नाही.

पत्र पोचलं तेव्हा मन्सूर कामावर होता. खोलीतल्या अयूबने ते वाचलं. 'माफ करणार नाही' हे शब्द त्याला दोनदा वाचायला लावले. मग करीमचाचा, म्हणजे खोलीतला सगळ्यात जुना खलाशी, म्हणाला, "बाबागाडी म्हणजे काय रे?"

"सायबांच्या पोरांची असते," अयूब म्हणाला. "चार चाकं, वर छत्री."

"हां," करीमचाचा म्हणाला. बाकीचेही 'हां' म्हणाले. त्यापुढे कोणी काही बोललं नाही. भेट द्यायची ती गाजावाजा करून द्यायची नसते, एवढं त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

मैमुना जन्मली, आणि ती पंचवीस दिवसांची झाली तेव्हा मुंबईची बोट लागली. बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, सामान पडावातून बंदराला यायचं. तिथून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, बावन्न पायऱ्यांची. रावजी हमाल ती चढून आला तेव्हा त्याच्या डोक्यावर बाबागाडी होती. चारी चाकं हवेत फिरत होती.

"चाकाची गाडी डोक्यावर घ्यायची पयलीच पाळी," रावजी धापा टाकत म्हणाला. "कुठे ठेवू?"

"इथे पडवीत ठेवा. हळू."

गाडी खरंच देखणी होती. मन्सूरने पाठवलेली. सईदाने तिची छत्री चार वेळा उघडून मिटली. ताजबीने पडवीतून खाली पाखाडीकडे बघितलं, मग वर पाखाडीकडे बघितलं, आणि आत गेली.

रावजी अजून उभाच होता. "मग बाकीच्या आणू?"

"बाकीच्या काय?"

"गाड्या. अजून चार हायत पडावात."

संध्याकाळपर्यंत पडवीत पाच बाबागाड्या उभ्या राहिल्या. शिवाय सव्वीस बाटल्या, सात थर्मामीटर, आणि रबराची इतकी बदकं की ताजबीच्या खऱ्या कोंबड्या पडवीत पाऊल टाकेनात.

"घरात गाड्या पाच," ताजबी म्हणाली, "आणि रस्ता एक पण नाय."

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. खोलीतल्या ज्याने ज्याने गाडी पाठवली, त्याने आपल्या घरीही कळवलं होतंच. सकाळी अयूबची आई आली. ती मिरकरवाड्यात मासे विकायची. पाटी अंगणात ठेवून तिने सरळ आत डोकावलं.

"अयूबने लिवलंय, पोर आपल्या गाडीत बसलेली बघून ये. निळी गादी म्हणाला."

सईदाने झोपलेल्या मैमुनाला उचलून निळ्या गादीवर ठेवलं. अयूबची आई डोळे भरून बघत होती, तोवर पाखाडीवर करीमचाचाची बायको दिसली. तिची गाडी झालरीची. सईदाने "दुपटं बदलून आणते" म्हणत मैमुनाला मागल्या दाराने पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि झालरीखाली ठेवलं. मैमुनाने डोळे उघडले आणि जे काही तिला वाटत होतं ते तीन घरांपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं.

दोन आठवडे हेच चाललं. सईदाने पाखाडीकडे तोंड करून बसायचं, चालीवरून माणूस ओळखायचं, आणि ते दारात यायच्या आत पोर त्याच्या गाडीत घालायची. एकीला नाराज करावं तर पुरुष परगावी असताना अडीनडीला हीच घरं. मैमुनाची झोप पार उडाली. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसतंय असं सईदाला वाटायचं, आणि पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं.

चाळिसाव्याला पोर पहिल्यांदा घराबाहेर न्यायची. चारही घरच्या बायका एकाच वेळी हजर झाल्या, आणि प्रत्येकजणी आपल्या गाडीच्या दांड्याला हात लावून उभी राहिली.

"कुठल्या गाडीतून नेतेस गो?" अयूबच्या आईने विचारलं. विचारणं साधंच होतं, पण बाकीच्या तिघींनी आपापले दांडे घट्ट धरले.

सईदाने निळ्या गादीकडे बघितलं, झालरीकडे बघितलं, मन्सूरच्या गाडीकडे बघितलं, आणि ती रडू लागली. मैमुना आधीपासूनच रडत होती. ताजबीने नातीला काढून घेतलं, आत नेऊन वाशाला बांधलेल्या झोळीत घातलं आणि दोन झोके दिले. आवाज बंद.

चौघी बायका आत येऊन झोळीत वाकून बघू लागल्या.

"ही कोणी पाठवली?" करीमचाचाच्या बायकोने हळूच विचारलं.

"माझी जुनी चादर हाय," ताजबी म्हणाली.

मग अयूबची आई पडवीत गेली. तिने निळ्या गादीच्या गाडीचं चाक फिरवलं, हलवलं, वजन अजमावलं. "बाय," ती म्हणाली, "ही तुला रोजच्याला लागते असं नाय ना?"

दुसऱ्या दिवसापासून पाचही गाड्या मिरकरवाड्याच्या सपाटीवर फिरू लागल्या. लिलावाच्या जागेपासून बाजारापर्यंत, खाली बर्फ, वर पापलेटं आणि त्यांच्यावर झालरीची सावली. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे त्यांना रोज तासभर मोकळी हवा मिळे. अयूबच्या आईची मान तर वीस वर्षांनी दुखायची थांबली.

सईदाने यादी काढून बसल्या बैठकीला खोडली. झोळी होती, दुपटी होती, खोबरेल होतं. मैमुना आता झोपत होती, पण जागेपणी तिला सतत कडेवर हवं असे आणि ताजबीचे गुडघे बोलत. चौथी वस्तू तेवढी कमी होती. तिच्या बापाने तिला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.

या वेळी तिने सासूचं ऐकलं. बावीस कान डोळ्यांसमोर ठेवून, नवऱ्याचं नाव न घेता, इच्छाबिच्छा न लिहिता, एकच ओळ खरडली: 'बाकी सर्व मिळालं. पोरीला उचलायला खोलीतून कोणीतरी एक जण आठ दिवस आला तर फार उपकार होतील.' नवरा ते समजेलच. न समजायला झालं काय?

पुढच्या बोटीच्या दिवशी ती स्वतः बंदरावर गेली, मैमुनाला पदराखाली घेऊन. पडाव टेकला. करीमचाचा उतरला. मागून अयूब. मागून आणखी एक, आणखी एक. सईदा मोजत राहिली. दहा.

"कुठाय पोर?" करीमचाचाने हात पुढे केले. "उचलायला आलो. बाकीचे पण तेच सांगतायत, पण ते मला ट्रंक बांधताना कळलं."

"सगळ्यांना रजा मिळाली?"

"मे महिना हाय. कोणी कोणाला बोललंच नाय, जो तो गपचूप अर्ज टाकून मोकळा."

"आणि मैमुनाचे बाबा?"

दहाही जण पाण्याकडे बघू लागले. शेवटी अयूब म्हणाला, "तो गोदीतून आला तोवर आम्ही ट्रंका बांधलेल्या. खोलीला कुलूप कसं लावणार, भाबी? कोणीतरी राहायला पायजेच ना."

आज सहावा दिवस. मैमुनाचा पाय जमिनीला लागलेला नाही. एका हातातून दुसऱ्या हातात अशी ती मिरकरवाडाभर फिरते आहे आणि तिचं उत्तम चाललं आहे. तिची काळजी नको. पण तुमच्यापैकी कोणी दोन दिवसांत डोंगरीच्या बाजूला जाणार असेल, तर सईदाचं एवढं काम करा. दार उघडंच असेल. अकरा जणांच्या त्या खोलीत एकटाच माणूस बसलेला असेल. तो वेळेवर जेवतो का, तेवढं बघून या. पोरीचं नाक त्याच्यावर गेलंय, हेही सांगा. मात्र तोंडीच सांगा. चिठ्ठी दिलीत तर नियम म्हणून तो ती मोठ्याने वाचेल, आणि ऐकायला तिथे कोणी नाही.