मोठेबाबांचा जलोपचार

७ मे २००६, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. माझ्या वडिलांचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मोठेबाबा, भातकुलीच्या घरात बंद पडलेल्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये तांब्याने पाणी ओतत होते.

"हवा धरली बाप्पा यानं," ते गंभीरपणे म्हणाले. "वरतून पानी पाजलं का उचलते."

"अवो, फोन होय तो! इहिरीवरची मोटर नोय!" त्यांची बायको, आमची मोठीआई, स्वयंपाकघरातून ओरडली.

न्यायाने सांगायचे तर या सिद्धान्ताचा पाया निर्दोष आहे. विहिरीवरच्या पंपात हवा शिरली की तो नुसताच घरघरतो. मग वरून पाणी ओतून त्याचे पोट भरावे लागते, तेव्हा कुठे तो धार धरतो. दोष एवढाच, की जगातील यच्चयावत बिघाडांचे मोठेबाबांनी हेच एकमेव निदान ठरवून टाकले होते. रेडिओ खरखरला, हवा धरली. सोयरिकीची बोलणी अडली, हवा धरली. मग वरपक्षाला ताकाचे पेल्यावर पेले. बारावीच्या गणिताच्या पेपरला निघताना त्यांनी माझ्या टाळूवरही तांब्या रिकामा केला होता. मला उत्तम गुण मिळाले. त्या तांब्याविना मी तोच पेपर पुन्हा देऊ शकत नसल्यामुळे त्यांचा दावा मला आजतागायत खोडता आलेला नाही.

त्या वर्षी मात्र हवा धरली होती ती प्रकाशदादाने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने. शेजारच्या शेतातला त्याचा जिवलग मित्र विनायक आदल्या पोळ्यानंतर गेला. त्या वर्षांत आमच्याकडे माणसे ज्या रीतीने जात होती, त्याच रीतीने. तेव्हापासून प्रकाशदादा बोलेनासा झाला. जेवत असे, शेतात जात असे, विचारले तर "हूं" म्हणत असे. डॉक्टरांचे नाव काढले की उठून जात असे. मोठेबाबांनी घरातली फवारणीची सगळी औषधे नांदगाव खंडेश्वरला बहिणीकडे नेऊन ठेवली आणि कारण विचारणाऱ्याला "घरात वास येते" असे सांगितले.

मी तेव्हा शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करत होते. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी जेवताना मी सहज राफ्टिंगचा विषय काढला: ऋषिकेशला गंगेच्या खळाळत्या धारेतून रबरी होडी नेतात, आणि भल्याभल्यांच्या तोंडून किंकाळी निघते. मोठेबाबांचा घास हातातच राहिला.

"मोठमोठ्यानं बोंबलते मानूस?"

"हो."

"पानी वरतून येते?"

"चारी बाजूंनी येतं."

"मंग जमलं!" असे म्हणून त्यांनी प्रकाशदादाच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

टेलिफोन काही उचलला नाही, पण त्याच दुपारी आम्ही चौघे बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मोठीआईला हे प्रकरण गंगास्नान म्हणून सांगण्यात आले होते. तिने गंगेच्या ओटीसाठी नारळ घेतला होता. तो तिने राफ्टमध्येही हातातून सोडला नाही, त्यामुळे वल्हे धरायला तिला हात उरला नाही. मोठेबाबांनी हेल्मेट टोपीवरून घातले. गाईड हा चांगला मिशाळ, अनुभवी गृहस्थ होता. त्याने बजावले, "बाबाजी, रस्सी मत छोड़ना."

"रस्सी तो पकडेलच हाय. तुम सामने देखो."

पहिल्या उसळीत आम्ही नखशिखान्त भिजलो. मोठेबाबांनी डोळ्यांतले पाणी न पुसता मागे वळून कानाशी हात नेला. "काय म्हन्ते प्रकाश?"

"हूं."

दुसरी उसळी आमच्या डोक्यावरून गेली. "हूं." तिसरीत राफ्ट जवळजवळ उभीच राहिली. प्रकाशदादाच्या मिशीवरून पाणी ठिबकत होते आणि चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नव्हती. चौघांच्या वाटची बोंब एकट्या मोठीआईने ठोकली. "गंगामाय, मले सोड, पाह्यजे तर यायले घे!" असा तिने पतीकडे बोट दाखवून सौदाही मांडला.

मग नदी एकाएकी शांत झाली. "बस, अब आराम," गाईड म्हणाला. हिरवे, खोल पाणी होते. मोठेबाबा पुन्हा मागे वळले. या वेळी त्यांनी काही विचारले नाही. नुसते मुलाकडे पाहत राहिले. पुढच्या क्षणी ते राफ्टमध्ये नव्हते.

लाट नव्हती. धक्का नव्हता. राफ्ट कललेली नव्हती. पडण्याचे कोणतेही भौतिक कारण मला सापडले नाही. आणि मोठेबाबांना पोहता येत नव्हते.

"बाबा!"

दोन्ही काठांचे डोंगर दुमदुमले. प्रकाशदादा अर्धा बाहेर झेपावला, त्याने लाइफ जॅकेटचे खांदे पकडले आणि कापसाचे गाठोडे ओढावे तसे वडिलांना आत ओढून घेतले. मग जे सुरू झाले ते काठ येईपर्यंत थांबले नाही.

"अक्कल हाय का तुमाले? पोहता येत नाई अन् रस्सी सोडता? कोनाचं आयकता का तुमी कधी? बीपीची गोळी घेत नाई, फोनमदी पानी टाकता, आन् आता हे! मी कोनाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं? असं..." त्याचा आवाज फाटला. "असं कोनाले न सांगता जाते का मानूस?"

हे वाक्य एकट्या मोठेबाबांसाठी नव्हते, हे आम्हा सर्वांना कळले होते.

"नाई जात," मोठेबाबा हळूच म्हणाले. "तूबी नोको जाऊ."

मग प्रकाशदादा रडला. मोठीआईने नारळ गाईडच्या हातात दिला आणि लेकाला जवळ घेतले.

काठावर चहा मिळाला. अर्धा तास झाला होता. कपडे वाळत आले होते. थोड्या अंतरावर प्रकाशदादा आईला विनायकाची कसलीशी आठवण सांगत होता. मी मोठेबाबांच्या शेजारी बसले आणि हलक्या आवाजात विचारले, "तुम्ही मुद्दाम सोडली ना रस्सी?"

"हात सुटला, पोरी."

"भीती नाही वाटली?"

"मी काहून भेतो?" त्यांनी बशीतला चहा भुरकला. बशी स्थिर होती, चेहराही स्थिर होता.

मी त्यांचे मनगट हातात घेतले आणि घड्याळाकडे पाहिले. मिनिटाला नाडीचे एकशे छत्तीस ठोके.