निळे ठिपके

जे पाठ होत नाही ते घरातल्या वस्तूंवर चिकटवावं, डोक्यात बसलंच म्हणून समजा. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी तसाच शिकलो. आयुष्य गवंडीकामात गेलं आणि अक्षरओळख झाली तेव्हा मिशा पिकल्या होत्या. प्रौढ वर्गाच्या सुवर्णाबाईंनी आमच्या बादलीवर 'बादली' आणि दारावर 'दार' अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या. बादली घासून घासून चिठ्ठी गेली, पण अक्षरं राहिली.

म्हणून २००५ साली परदेशात, ईडन प्रेरीला लेकीकडे असताना नात नेत्रा रडकुंडीला आलेली पाहिली आणि मी बाह्या सरसावल्या.

नेत्रा कॉलेजात पश्तू शिकत होती. अफगाणांची भाषा. सोमवारी तोंडी परीक्षा. मॅडम एकेक वस्तू दाखवणार आणि हिने ती कशी आहे ते सांगायचं. पास झाली तरच स्कॉलरशिप, नाहीतर पश्तूचा वर्ग सुटला.

"आजोबा, मला जेंडर आठवतच नाही. आणि ते चुकलं की कलर पण चुकतो."

"तो कसा?"

"ब्लॅक म्हणजे तोर. टेबल मॅस्क्युलिन, सो तोर मेज. पण खुर्ची फेमिनिन, सो तोरा कुरसय."

मी थक्क झालो. काळा घोडा, काळी घोडी! कुठे ते डोंगर, कुठे आमचं गाव, आणि विशेषण नामाच्या मागून अगदी तसंच चालतंय. मग तिने तांबड्याचं सांगितलं. पुल्लिंगी सूर, स्त्रीलिंगी स्रा. म्हणजे शेवटी नुसता काना जोडायचा नाही, आतला ऊकारच काढून घ्यायचा. उभ्या भिंतीच्या पोटातली वीट काढायची आणि भिंत हलू द्यायची नाही. असला गवंडी मी जन्मात पाहिला नव्हता.

"घरातली एकेक वस्तू सांग," मी म्हटलं. "मी खुणा करतो."

स्वयंपाकघराच्या खणात निळ्या आणि गुलाबी गोल ठिपक्यांचे कागद सापडले. निळ्यांतले थोडे कुणीतरी आधीच वापरले होते. नेत्रा पुस्तकात बघून सांगत गेली आणि मी चिकटवत गेलो. मेज, कॉट, टीव्ही, पेटी, उशी पश्तूत सगळे पुल्लिंगी, म्हणून निळे. खुर्च्या, कपाट, आरसा, पेला, दरवाजा गुलाबी. पुस्तकसुद्धा निळं, तर त्यालाही लावला. शेवटी म्हातारा माणूस म्हणजे 'झोड सडय', म्हणून एक निळा माझ्या खिशावर.

दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेले आणि दुपारी दोन धिप्पाड माणसं ट्रक घेऊन आली. मला इंग्रजी येत नाही. एकाने टेबलावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवून विचारलं, "ब्लू?"

"ब्लू! यस!" मी म्हटलं.

ही परीक्षेची माणसं, हे मी तत्काळ ओळखलं. वस्तू दाखवायच्या तर आधी न्यायला नकोत? आणि काय त्यांचं ज्ञान! खुर्च्या बाजूला सारून टेबल तेवढं उचललं. आरशाला हात लावला नाही. एकही लिंग चुकलं नाही. मी आदराने दार धरून उभा राहिलो. एका उशीचा ठिपका निघाला होता म्हणून ती मागे राहिली, तर मी धावत जाऊन ट्रकमध्ये देऊन आलो.

संध्याकाळी जावई शंतनूराव आत आले आणि उभेच राहिले. टेबल नव्हतं. खुर्च्या मात्र गोल करून बसल्या होत्या, भेटायला आल्यासारख्या.

"बाबा, टीव्ही कुठाय?"

"परीक्षेला गेला."

"कुठे?"

"नेत्राच्या. स्त्रीलिंगी सामान उद्या नेतील."

शंतनूराव खुर्चीवर बसले. बेसमेंटमधलं जुनं सामान दान करायचं होतं आणि त्यावर त्यांनीच निळे ठिपके लावले होते. ट्रकवाल्यांना फोनवर सांगितलं होतं, निळा ठिपका दिसेल ते न्या.

लेक हिमानीने फोन लावला. गोदाम बंद. थेट सोमवारी उघडणार.

"आणि माझं बुक?" नेत्राने विचारलं.

पुस्तक पुल्लिंगी होतं.

"बाबा, अहो विचारायचं तरी कुणाला," हिमानी म्हणाली.

"त्यातल्या त्यात बरं," शंतनूराव म्हणाले, "मोटार मी ऑफिसला नेली होती."

"मोटर पण मॅस्क्युलिन आहे," नेत्रा रडत रडत म्हणाली आणि एकदम थांबली. रिकाम्या गालिच्याकडे बघत राहिली. "तोर मेज," ती हळूच म्हणाली. मग आरशाकडे बोट केलं. "लोया हिंदारा. मोठा आरसा. आई, जे गेलं ते सगळं मॅस्क्युलिन. जे राहिलं ते फेमिनिन!"

मग ती त्या अर्ध्या घरात फिरत राहिली. आम्ही जमिनीवर झोपलो, ताटं मांडीवर घेऊन जेवलो, आणि ती भिंतींना पश्तू ऐकवत होती. विशेषणं नामांच्या मागे निमूट चालत होती, नामं घरात नसली तरी.

सोमवारी ती पास झाली. मॅडमनी विचारलं म्हणे, इतकं पक्कं कसं केलंस? ही म्हणाली, "माझ्या आजोबांनी घर रिकामं केलं."

सामानही परत आलं. ट्रकमधून उतरवताना त्यातला एकजण माझ्याकडे बघून हसला, तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी निघताना त्याने माझ्या खिशावरचा निळा ठिपका पाहिला होता. मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं होतं, आणि मान हलवून ट्रकचं दार लावून घेतलं होतं.

मोडकळीला आलेलं सामान ते घेत नाहीत, असं हिमानी म्हणाली.